आख्खा तालुका, एकच झाड

परवा सकाळी स्टँडसमोर चहा पीत उभा होतो. ओळखीचे एक बागायतदार आबा येऊन शेजारी टेकले. गेल्या हंगामात त्यांच्या कोवळ्या बागेत हरण्या शिरला होता. कृषी खात्याच्या भाषेत सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक व्हायरस. पानांवर पिवळे पट्टे पडतात, पोंगा सडतो, आणि झाड उपटून गाडण्याशिवाय शेतकऱ्याच्या हातात काही राहत नाही. आबांनी निम्म्याहून जास्त रोपं उपटली होती. मी तेव्हा फोटो काढायला गेलो होतो. बातमीही केली होती. हेडिंग नेहमीचंच : केळी उत्पादक हवालदिल.

आबा म्हणाले, "भाऊ, एक इचारू का? गावात चिकनगुनियाची साथ आली होती, आठवते? आमच्या घरात सात माणसं. दोघं महिनाभर अंथरुणावर. तिघांना दोन-चार दिवस ताप. आणि दोघांना काहीच नाही, नुसते हिंडत होते. मग केळीला रोग आला की सगळी बाग एकदम कशी काय बसते? दोन-चार झाडांनी तरी टक्कर द्यावी ना!"

मी म्हटलं, "आबा, बघून सांगतो."

वीस वर्षं या रावेर-यावल पट्ट्यात बातमीदारी करतोय. भाव पडले, वादळाने बागा आडव्या झाल्या, वॅगन मिळाल्या नाहीत, विमा अडकला, हे सगळं शेकडो वेळा लिहिलं. पण आबांनी विचारलेला प्रश्न कधी स्वतःला विचारला नाही. मी पत्रकारितेचा डिप्लोमावाला माणूस, बारावीचं बायोलॉजी काठावर सुटलेलं. त्यामुळे गेले काही दिवस वाचत बसलो, जाणकारांना फोन करून त्रास दिला. जे समजलं ते इथे मांडतो. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात केळीचा पैसा येतो त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आबांच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत सांगता येतं. घरातली सात माणसं ही सात वेगवेगळी माणसं आहेत, आणि बागेतली पाच हजार झाडं हे एकच झाड आहे.

आता जरा उलगडून.

एकाच आईबापाची चार पोरं कधी सारखी नसतात. एक काळं, एक गोरं, एकाला दूध पचत नाही, एक कधी आजारीच पडत नाही. याची कारणं मुख्यतः दोन.

पहिलं कारण म्हणजे नक्कल करताना होणाऱ्या चुका. शरीरातली प्रत्येक पेशी वाढताना आपली जनुकांची पोथी पुन्हा उतरवते. हजारदा उतरवली की कुठेतरी काना-मात्रा चुकणारच. याला म्युटेशन म्हणतात, मराठीत उत्परिवर्तन. तुमच्या-माझ्या प्रत्येकात आईबापांकडे नसलेले असे साधारण ६०-७० नवे बदल असतात. बहुतेक बदल ना नफा ना तोटा. काही घातक. आणि क्वचित एखादा कामाला येतो.

दुसरं कारण म्हणजे पत्ते पिसणं. आईकडून गुणसूत्रांचे २३ पत्ते, बापाकडून २३. पण आई आपल्याला मिळालेले दोन्ही बाजूंचे पत्ते पिसून त्यातले २३ पुढे देते, बापही तसंच. या एका पिसण्यात ८३ लाखांहून जास्त वेगवेगळे हात पडू शकतात, आणि तेही फक्त एका बाजूने. शिवाय वाटप होण्याआधी पत्ते एकमेकांत तुकडे अदलाबदल करतात, ते वेगळंच. म्हणून जुळी सोडली तर सख्खी भावंडंसुद्धा सारखी नसतात.

यात तिसरी गोष्ट गावातल्या कुठल्याही गुराख्याला माहीत आहे. वळू बदलावा लागतो. एकच वळू वर्षानुवर्षं गावात ठेवला की त्याच्याच कालवडी त्याच्यासमोर येतात आणि वासरं अशक्त निपजायला लागतात. म्हणून बाहेरगावचा वळू आणायचा. बाहेरचं रक्त येणं हेही विविधतेचं कारणच आहे.

ही विविधता कशासाठी लागते? उद्या काय येणार हे आज कोणालाच माहीत नसतं, म्हणून. कुठलं जनुक चांगलं आणि कुठलं वाईट हे आधी ठरत नाही, येणारं संकट ते ठरवतं. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यातलंच उदाहरण घ्या. आदिवासी पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण आहेत हे आपण सगळे जाणतो. आईबाप दोघांकडून ते जनुक आलं तर पोराचे हाल होतात. पण एकाच बाजूने आलं तर तेच जनुक जीवघेण्या मलेरियापासून बऱ्याच अंशी वाचवतं. डास आणि हिवताप जिथे शेकडो पिढ्या मुक्कामाला होते, तिथेच ते टिकलं, ते यामुळे. एकच जनुक एका घरात शाप असतं आणि दुसऱ्या घरात कवच.

आता केळीकडे येऊ.

केळं सोलून आडवं कापा. मधोमध बारीक काळे ठिपके दिसतात. ते बी आहे. म्हणजे बी व्हायचं होतं, झालं नाही. रानातल्या मूळ केळीत बोराच्या आठळीसारखं टणक बी भरलेलं असतं, खायला गर थोडाच. त्या रानकेळीला गुणसूत्रांचे दोन संच असतात. आपण खातो त्या केळीला तीन. दोन संचांची जोडी लागते, तिसरा एकटा पडतो, पत्ते नीट पिसलेच जात नाहीत, आणि बी धरत नाही. हजारो वर्षांपूर्वी कुण्या माणसाला अशी बिनबियांची केळी सापडली, आवडली, आणि त्याने तिचं पिलू उपटून घराजवळ लावलं. तेव्हापासून केळी माणसाच्या हातानेच पुढे जाते आहे, कंदाने नाहीतर पिलाने. पिलू म्हणजे लेकरू नव्हे, ते त्याच झाडाचा पुढचा तुकडा. बाप नाही, पिसणं नाही, नवा हात नाही.

टिश्यूकल्चरने हेच काम प्रयोगशाळेत, बाटलीत, लाखोंच्या संख्येने करून दिलं. नव्वदच्या दशकापासून आपल्याकडे ग्रँड नैनची, म्हणजे आपल्या भाषेत जी-नाईनची रोपं आली. ठिबक आलं. एकरी सतराशेच्या आसपास खोडं, सगळी एका उंचीची, जवळपास एकाच वेळी निसवणारी, एकाच वेळी कापणीला येणारी. या पट्ट्यातली घरं त्यावर उभी राहिली, पोरं इंजिनीअर झाली, माझ्या पेपरला जाहिराती मिळाल्या. त्या रोपाला शिव्या घालायला मी बसलेलो नाही. उलट प्रयोगशाळेतून आलेलं रोप स्वच्छ असतं. दुसऱ्याच्या बागेतला कंद आणला की त्याच्यासोबत त्या जमिनीतला रोगही येतो. ही टिश्यूकल्चरची मोठी बाजू आहे आणि ती मान्यच केली पाहिजे.

पण काही जुनी माणसं म्हणतात की आमच्या काळी बसराई होती, मग श्रीमंती आली, महालक्ष्मी आली, आता जी-नाईन, म्हणजे वाण तर बदलत आलेत की! मलाही असंच वाटायचं. वाचल्यावर डोळे उघडले. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही सगळी एकाच घराण्यातली. त्या घराण्याचं नाव कॅव्हेंडिश. पिढ्यान्‌पिढ्या पिलं लावताना अधूनमधून नकलेत चूक झाली, एखादं खोड बुटकं निघालं, एखादं उंच, एखाद्याचा घड लांब. माणसाने ते वेगळं काढलं, वेगळं नाव दिलं. शर्ट बदलला, माणूस तोच. आजोबांची बसराई आणि माझ्या मित्राची जी-नाईन यांत उंचीचा आणि घडाचा फरक आहे, पण एखाद्या नव्या रोगासमोर दोघी बहुधा एकाच बाजूला उभ्या असतील.

कॅव्हेंडिश हे नाव इंग्लंडातल्या एका सरदार घराण्याचं. डर्बीशायरमध्ये चॅट्सवर्थ नावाचा त्यांचा वाडा आहे. १८३० च्या दशकात तिथला माळी जोसेफ पॅक्स्टन याने मॉरिशसहून आलेलं केळीचं झाड काचेच्या घरात वाढवलं, फळाला आणलं आणि मालकाचं नाव दिलं. आज जगात पिकणाऱ्या केळीपैकी जवळपास निम्मी या गटातली आहे, आणि जहाजाने एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी तर जवळपास सगळीच.

पण शंभर वर्षांपूर्वी परदेशच्या बाजारात ही केळी नव्हतीच. तेव्हा ग्रो मिशेल नावाची केळी चालायची. जाड साल, वाहतुकीत न डागळणारी, चवीला भारी असं जुने लोक सांगतात. मध्य अमेरिकेत मैलोन्‌मैल तीच एक केळी. मग पनामा रोग आला. आपण ज्याला मर रोग म्हणतो तोच, फ्युजेरियम बुरशीचा. बुरशी मुळातून शिरते, खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते, पानं पिवळी पडून खोडाभोवती लोंबतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. बरं करणारं औषध नाही. कंपन्या रोगट जमीन सोडून जंगल तोडत पुढे सरकत राहिल्या, रोग मागोमाग जात राहिला. १९५०-६० पर्यंत निर्यातीचा तो सगळा डोलारा कोसळला. तेव्हा सापडली कॅव्हेंडिश, कारण तिला त्या बुरशीचा तो प्रकार बाधत नव्हता. ती केळी मुळात वेगळी होती, कुठे कुठे जपलेली होती, म्हणून केळीचा धंदा वाचला.

आणि लोकांनी काय केलं? एका झाडाच्या जागी दुसरं एकच झाड लावलं.

१९६७ च्या सुमारास तैवानमध्ये कॅव्हेंडिशची झाडं मरायला लागली. त्याच बुरशीचा नवा प्रकार. आज त्याला टीआर-४ म्हणतात. नव्वदच्या दशकात मलेशिया-इंडोनेशियातल्या बागांमध्ये, १९९७ ला उत्तर ऑस्ट्रेलियात, २०१३ ला जॉर्डन आणि मोझांबिकमध्ये, २०१९ ला कोलंबियात. कोलंबियाने तर तेव्हा राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. २०२१ ला पेरू.

आणि भारत? बिहारच्या कटिहार-पूर्णिया भागात आणि उत्तर प्रदेशात अयोध्येच्या बाजूला हा रोग सापडल्याचं संशोधकांनी नोंदवून काही वर्षं झालीत.

आता माझं पोट का दुखतंय ते सांगतो. ही बुरशी हवेतून उडत येत नाही. रोगट पिलातून येते, मातीतून येते. बुटाला, टायरला, विळ्याला चिकटलेल्या चिमूटभर मातीतून. पाटाच्या, पुराच्या पाण्यातून. आणि एकदा जमिनीत बसली की केळी काढून टाकली तरी ती दशकानुदशकं तिथेच झोपून राहते. आपल्या केळीचं गिऱ्हाईक कोण? दिल्ली, पंजाब, काश्मीर, उत्तर प्रदेश. हंगामात रोज किती ट्रक तिकडे जातात आणि तिकडून परत येतात, हे स्टँडवरच्या चहावाल्यालाही माहीत आहे. रिकामे कॅरेट येतात, माणसं येतात. आणि आपल्याकडे ट्रक बांधावर नाही, थेट बागेत शिरतो.

आपल्याकडे उद्याच हा रोग येणार, असं मी म्हणत नाही. घाबरवून लाईक मिळवणाऱ्यांतला मी नाही. पण आला, तर त्याच्यासमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच झाड उभं आहे, हे वास्तव आहे.

हरण्याबद्दलही प्रामाणिकपणे सांगतो. त्याचं सगळं खापर एकसारखेपणावर फोडता येणार नाही. तो मावा किडीने पसरतो, शेजारी काकडीवर्गीय पिकं असतील, बांधावर तण माजलं असेल, ढगाळ हवा असेल तर झपाट्याने पसरतो. कोवळं रोप लवकर बळी पडतं. पण आबांनी विचारलं होतं की दोन-चार झाडांनी तरी टक्कर का दिली नाही. त्याचं उत्तर हेच की टक्कर देणारं वेगळं झाड त्या पाच हजारांत नव्हतंच.

एकसारखेपणाची किंमत जगाने याआधीही मोजली आहे. आयर्लंडमध्ये गरिबांचं पोट बटाट्यावर, आणि बटाटा बहुतांशी लंपर नावाच्या एकाच वाणाचा, तोही कंदानेच लावलेला. १८४५ ला करपा आला. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं भुकेने आणि रोगाने मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. त्याला इंग्रज सरकारची बेपर्वाईही तेवढीच जबाबदार होती, तिकडून धान्य बाहेर जातच होतं. पण सुरुवात झाली ती एका वाणाच्या शेतातून. १९७० ला अमेरिकेत मक्यावर करपा पडला. तिथला बहुतेक संकरित मका बियाणं बनवायला सोपा म्हणून एकाच मादीवंशातून तयार केलेला होता. एका हंगामात देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. म्हणजे बी असलेल्या पिकातसुद्धा माणूस सोयीसाठी सगळं एकसारखं करून ठेवतो.

आता उलटी गोष्ट, मन जरा हलकं करणारी. सत्तरच्या दशकात आशियात भातावर ग्रासी स्टंट नावाचा विषाणू आला. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्या संग्रहातले सहा हजारांवर नमुने तपासले. टिकला फक्त एक. ओरायझा निवारा नावाच्या रानभाताचा, आणि तो गोळा केलेला होता आपल्या उत्तर प्रदेशातून. ज्याला शेतकरी तण म्हणून उपटून फेकतो, तशातला. त्याचं जनुक पुढे आयआर-३६ सारख्या वाणांत आलं, आणि ते वाण आशियात कोट्यवधी एकरांवर गेले. कुणीतरी कधीतरी ते गवत उचलून, चिठ्ठी लावून, डब्यात ठेवलं होतं म्हणून.

केळीतही असंच चाललंय. तैवानच्या संशोधकांनी टिश्यूकल्चरच्या हजारो रोपांत नकलेच्या चुकीने वेगळी निघालेली रोपं शोधली, ती टीआर-४ च्या जमिनीत लावून बघितली, आणि बऱ्यापैकी टिकणारी वेगळी काढली. ऑस्ट्रेलियात आग्नेय आशियातल्या एका रानकेळीचं जनुक घेऊन कॅव्हेंडिशमध्ये बसवलं. क्यूकॅव्ह-४ नावाच्या त्या केळीला २०२४ ला तिथे परवानगी मिळाली. जनुकीय बदल केलेलं खायचं की नाही यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकतं, तो वाद पुन्हा कधी. मुद्दा एवढाच की ते जनुक कुठल्या कंपनीने बनवलं नाही. ते रानात होतं. रान तुटलं असतं तर ते घ्यायचं कुठून?

"मग काय, जी-नाईन उपटून देशी लावायची?" असं तुम्ही विचाराल. अजिबात नाही. देशी म्हणजे आपोआप रोगमुक्त, हा व्हॉट्सअॅपवरचा भ्रम आहे. दक्षिणेतली रसथाळी किती गोड! पण जुन्या पनामा रोगाला ती बळी पडते, आणि कॅव्हेंडिश पडत नाही. नव्या रोगापुढे चित्र वेगळं असू शकतं. सगळा तालुका उद्या वेलची केळीचा केला तरी तो पुन्हा एकाच झाडाचा तालुका होईल.

आणि शेतकऱ्याला उपदेश करायचा मला अधिकार नाही. ज्याने सोसायटीचं कर्ज काढून रोपं, ठिबक, खतं घातली आहेत, त्याला वर्षाच्या आत-बाहेर घड कापून पैसे करायचे आहेत. व्यापारी त्याच्या बांधावर येऊन फणीची लांबी बघतो. एक्सपोर्टवाला तर पट्टी लावतो. वेगळं केळं दिसलं की भाव पाडतो. एकट्या शेतकऱ्याने विविधता जपायची म्हणजे सगळ्या गावाच्या विम्याचा हप्ता त्याने एकट्याने भरायचा. हे काम सार्वजनिक पैशाचं आहे, म्हणूनच ही पोस्ट मी शेतीच्या ग्रुपवर न टाकता इथे टाकतोय.

विमा म्हटलं की आठवलं. आपल्याकडे फळपीक विमा हवामानावर आधारित आहे. थंडी, उष्णता, वेगाचा वारा, गारपीट. त्या निकषांत बसलं तर पैसे. रोगाने झाड मेलं तर ते या हिशेबात येत नाही. आता विचार करा. उद्या एखाद्या शेतकऱ्याच्या बागेत संशयास्पद मर दिसला. त्याने कळवलं तर बाग उपटायला लावतील, त्या जमिनीत केळी लावू देणार नाहीत, शेजारी बोटं दाखवतील, आणि भरपाई शून्य. तो कळवेल की गुपचूप उपटून नाल्यात टाकेल? त्या नाल्याचं पाणी पुढे कुणाच्या विहिरीत जातं?

म्हणून मला चार गोष्टी मागाव्याशा वाटतात. लोकप्रतिनिधी ही पोस्ट वाचत असतील तर त्यांच्याकडे, नसतील तर वाचणाऱ्यांनी त्यांच्या कानावर घाला.

एक. संशयास्पद झाडाची तपासणी जिल्ह्यातच, लवकर आणि फुकट व्हावी. आणि रोग कळवणाऱ्या शेतकऱ्याला भरपाईची हमी आधीच जाहीर असावी. जो पहिला सांगेल तो तालुका वाचवेल, त्याला शिक्षा होऊ नये.

दोन. बाहेरून येणारी रोपं, कंद, कॅरेट आणि ट्रकचे टायर यांवर साधी शिस्त. बागेच्या तोंडाशी माल भरायची जागा, ट्रक आत नाही. याला काही कोटींचा प्रकल्प लागत नाही. ग्रामपंचायतींनी मनावर घेतलं तरी होईल.

तीन. केळीच्या वेगवेगळ्या वाणांची जिवंत बाग या जिल्ह्यात असावी, नीट राखलेली, शेतकऱ्याला जाऊन बघता येईल अशी. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीला १९९३ पासून राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे, त्यांच्याकडे शेकडो प्रकार आहेत. बेल्जियममध्ये लूव्हेन विद्यापीठात जगभरातले दीड हजारांहून जास्त नमुने जपलेत. बेल्जियमला केळी पिकत नाही हो! आणि ज्या जिल्ह्याच्या केळीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं, जिथे केळी संशोधन केंद्र आहे, तिथल्या पोराला केळी म्हणजे फक्त जी-नाईन माहीत असावी?

चार. ही मागणी पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी. वसई-आगाशीची वेलची, राजेळी, लाल केळी बाजारात दिसली तर चार पैसे जास्त देऊन घ्या. राजेळीची सुकेळी घ्या. गिऱ्हाईक असेल तर वाण टिकतो. डब्यात जपलेला वाण वर्षानुवर्षं जिवंत राहतो, पण शेतात जपलेला वाण दरवर्षी नव्या हवेला, नव्या किडीला तोंड देत राहतो. दोन्ही लागतात.

खर्च किती, असं विचारलं तर साधा हिशेब घाला. वादळ झालं की मंत्री येतात, पंचनामे होतात, कोटींच्या घोषणा होतात. मी स्वतः त्या दौऱ्यांमागे गाडीत बसून फिरलोय. त्यातल्या एका दौऱ्याच्या मदतीत अशी बाग कितीतरी वर्षं चालेल. पण न झालेल्या नुकसानीचा फोटो निघत नाही. जे वाचलं त्याची बातमी होत नाही, यात माझ्या धंद्याचाही दोष आहेच.

परवा उत्तर घेऊन आबांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "भाऊ, मागे या." मागच्या दारी मोरीचं पाणी जिथे जातं तिथे केळीचं एक बेट होतं. खोडं उंच, देठाला लालसर झाक, घड लहान. आबांच्या आईने माहेराहून आणलेलं पिलू. कुणी विकत नाही, कुणी लावत नाही. सत्यनारायणाला खांब लागले की शेजारीपाजारी तिथूनच नेतात. बागेत हरण्या आला तेव्हा याला काही झालं नाही.

लगेच निष्कर्ष काढू नका, मीही काढला नाही. मावा तिथवर पोचला नसेल. एका बेटावरून काही सिद्ध होत नाही. मी विचारलं, "याचं नाव काय आबा?"

आबांनी आत हाक मारली. काकूंना माहीत नव्हतं. म्हातारी जाऊन बारा वर्षं झाली. "आई सांगायची काहीतरी नाव," आबा म्हणाले, "आता ध्यानात नाही."

मला त्या क्षणी वाईट वाटलं, कारण वाण जाण्याआधी त्याचं नाव जातं हे मी समोर बघत होतो.

म्हणून एक विनंती. तुमच्या परसात, विहिरीवर, मामाच्या गावाला अशी वेगळी केळी असेल तर फोटो टाका, गाव लिहा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तिचं नाव विचारा. आजच विचारा. मी यादी करतोय. शंभर नोंदी झाल्या की ती घेऊन केळी संशोधन केंद्रात जाईन. काय होईल माहीत नाही. पण पुढच्या वेळी आबांनी प्रश्न विचारला तर "बघून सांगतो" एवढंच म्हणून सुटायचं नाहीये मला.